न वाचता केलेल्या सह्या

कारखान्यात वर्षभर काम केल्याशिवाय आमच्या कॉलेजात पदवी मिळत नाही. त्या वर्षाचा पुरावा म्हणजे एक डायरी. दर आठवड्याला एक पान, पानांवर छापील क्रमांक, एक जरी फाडलं तर वर्ष गेलं. वर आपण काय शिकलो ते लिहायचं, खाली ज्याच्या हाताखाली काम करतो त्याची सही घ्यायची. मी प्रेस विभागाच्या फोरमनकाकांच्या हाताखाली होते. त्यांनी माझ्या सदतीस पानांवर सह्या केल्या आणि एकही पान वाचलं नाही.

आमच्या विभागात खुर्च्यांच्या पायांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या प्रेस मशीनवर कापल्या जात. काकांची उभी हयात त्या मशीनमध्ये गेलेली. त्यांना काहीही विचारलं की उत्तर एकच, "बघ आणि शीक." पाच महिने मी बघत होते. बघून बघून डोळे शिणले, आणि शिकले काय, तर काकांना प्रश्न आवडत नाहीत. एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काका, साचा बदलताना माप कुठून धरता?" तर म्हणाले, "कॉलेज, तोंड बंद ठेवलंस तर कान उघडतील." मला ते नावाने कधी हाक मारत नसत, कॉलेजच म्हणत. सगळा विभाग खो खो हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच दिवशी ठरवलं, या माणसाशी आपणहून एक शब्द बोलायचा नाही. काय असेल ते डायरीत लिहीन. वाचायचं तर वाचा, नाहीतर बसा.

ते बसले. शनिवारी चहाच्या सुट्टीत मी डायरी पुढे धरायची, त्यांनी डाव्या हातात कप तसाच ठेवून उजव्याने सही ठोकायची. विसाव्या आठवड्यात मी लिहिलं, "या आठवड्यात काहीही शिकले नाही." सही. एकविसाव्यात लिहिलं, "आमच्या फोरमनांइतका खडूस माणूस मी पाहिलेला नाही." सही. बाविसाव्यात लिहिलं, "या आठवड्यात मी चंद्रावर जाऊन आले. तिथली प्रेस मशीन बरी चालतात." सही, आणि खाली तारीखसुद्धा. कॉलेजात सर फक्त सह्या मोजतात असं सगळे सांगत, त्यामुळे मला भीती नव्हती. मी मनातल्या मनात खूप हसले. खरं सांगायचं तर थोडं रडूही आलं. वर्षभर मरमर करायची आणि त्याकडे ढुंकून बघणारं कोणी नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात तीन नंबरची प्रेस पुसताना मला एक गोष्ट दिसली. या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पत्रा कापणारा साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. त्यातलं डावं बटण एकदा दाबलं की आत अडकून राहायला लागलं होतं. मशीन एका हाताने चालत होतं, आणि दुसरा हात कुठेही असू शकत होता. मी ते डायरीत स्वच्छ अक्षरात लिहिलं. सही. पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लिहिलं, खाली लाल रेघ मारून. सही.

काका माझ्यापासून चार पावलांवर उभे असायचे. मी तोंड उघडलं नाही. लिहिलंय ना, मग वाचा की, असं मनात घोकत राहिले. इतकी मी हट्टी आणि इतकी मूर्ख.

सोमवारी तीन नंबरचा माणूस आला नाही, म्हणून काका स्वतः मशीनवर बसले. एक पट्टी आत अडकली. ती काढायला त्यांनी डावा हात घातला. उजवा तळवा सवयीने बटणावर टेकवला, दोन्ही दाबल्याशिवाय साचा हलत नाही या भरवशावर. दोन बोटांची टोकं गेली. ते ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडले मी.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला बोलावून डायरी मागितली. थेट शेवटची दोन पानं काढून वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हे फार बरं झालं," ते म्हणाले. "बिघाड लेखी कळवलेला होता. त्यांनी सही केली आणि तरी मशीन चालू ठेवलं. म्हणजे चूक त्यांचीच. गुरुवारच्या चौकशीला या दोन पानांच्या प्रती आण, बाकीचं नको. तुला उत्कृष्ट शेरा देऊ आम्ही."

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. जाणूनबुजून धोका पत्करल्याचा ठपका बसला की त्यांना घरी पाठवणार हे उघड होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, तू तर लिहिलं होतंस ना? मग तुझं काय चुकलं?"

"आई, नुसतं लिहिलं हेच चुकलं," मी तिच्यावर खेकसले. तिचा काय दोष होता? पण दुसरं कोण होतं खेकसायला?

काकांची सही म्हणजे काही वाचल्याची खूण नाही, हे सिद्ध करणारं पान माझ्याच डायरीत होतं. ते दाखवलं तर काका सुटणार आणि माझं वर्ष जाणार, कारण कॉलेजच्या अधिकृत डायरीत कोणी चंद्रावर जात नाही. शिवाय सगळ्यांना कळणार की बटणाचं मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. दोन दिवस मी स्वतःवर आणि काकांवर आळीपाळीने चरफडले.

गुरुवारी मी अख्खी डायरी टेबलावर ठेवली. "साहेब, बाविसावं पान वाचा."

अधिकाऱ्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हा काय चावटपणा आहे?"

"खालची सही बघा. छत्तिसाव्या पानावर तीच आहे," मी म्हटलं. "त्यांना माहीत नव्हतं. मला होतं."

काकांवरचा ठपका टळला. न वाचता सह्या केल्याबद्दल कडक शब्दांत एक पत्र तेवढं मिळालं. डाव्या बटणाची स्प्रिंग बदलायला वीस मिनिटं लागली. कॉलेजने माझं वर्ष रद्द केलं, आणि ते पहिल्या दिवसापासून पुन्हा करायचं, तेही याच कारखान्यात, कारण दुसरा कोणी मला घ्यायला तयार नव्हता.

मग मी काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, खुर्ची दिली आणि आत निघून गेल्या. काका खिडकीपाशी बसले होते, डावा हात बँडेजमध्ये.

"चंद्रावर गेली होतीस म्हणे," ते म्हणाले.

मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बटणाचं मला तोंडाने का नाही सांगितलंस?"

तुम्हीच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. "रुसले होते," मी म्हटलं.

काकांनी हाताकडे बघितलं. मला वाटलं आता हाकलतील, आणि हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

"पुढच्या वर्षी येणार ना?" त्यांनी विचारलं. "मग एक लक्षात ठेव. रुसायचं असेल तर आधी मशीन बंद करायचं. मग हवं तितकं रूस."

"हो, काका," मी मोठ्याने म्हटलं. नुसती मान हलवून भागणार नव्हतं.