पडद्यावरची थोरली

गणवेशाच्या कॉलरी उलटवता उलटवता शिवणकामवालीनं घड्याळ पाहिलं आणि हातातलं काम तसंच मशीनवर टाकून ती उठली. आज सिनेमाला जायचं होतं, आणि तोही साधासुधा नव्हे. तिच्या थोरल्या बहिणीवर सिनेमा निघाला होता! म्हणजे नाव चित्रकाराचं, पण त्यानं जिला समोर बसवून आपली गाजलेली चित्रं काढली, ती हीच थोरली. शिवणकामवालीच्या लेकीनं आख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

सिनेमा मात्र अगदीच फुसका निघाला. चित्रकार दोन तास खिडकीपाशी उसासे टाकत बसला, आणि थोरली बशा फोडत होती, केस उपटत होती, कोंडलेल्या खोलीच्या दारावर धडका देत होती.

"बाई गं! मावशी अशी होती?" लेक कुजबुजली.

शिवणकामवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिनेमावाले चौकशीला घरी आले, तेव्हा "तिला वेड लागलं होतं" असं तिनंच सांगितलं होतं. वर चहाही पाजला होता.

खरं काय होतं? परक्या पुरुषासमोर बसून चित्रं काढून घेतली, एवढाच थोरलीचा गुन्हा. घराण्याच्या तोंडाला काळं फासलं म्हणून वडिलांनी तिला मागच्या खोलीत कोंडलं. धाकटीचं लग्न अडायला नको, म्हणून वेडाची आवई उठवली. शहाण्यासुरत्या शेजाऱ्यांनी ती मुकाट मानली, कारण मानणं सोयीचं होतं. थोरली शेवटी त्या खोलीतच वारली.

दिवे लागले. दिग्दर्शकानं माइक पुढे केला. "काकू, कसा वाटला सिनेमा? दोन शब्द बोला ना."

"छान" म्हणून सुटता आलं असतं. लेक कौतुकानं बघत होती. खरं बोललं तर लेकीच्या मनातून आपण कायमचे उतरू, हे तिला कळत होतं. शरमेनं मान वर होईना.

"थोरली वेडी नव्हती," ती म्हणाली. "माझं लग्न व्हावं म्हणून आम्ही तिला वेडी ठरवलं. जेवण आत सरकवून बाहेरून कडी मी लावायचे. सहा वर्षं."

लेक उभी राहिली. "आणि ती अशा धडका देत राहायची, आई?"

"नाही गं. एका बोटानं हळूच टकटक करायची. बाहेर माझे होणारे सासू-सासरे बसले असतील, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."