गाण्याखालचं नाव

तालिनच्या गायनमहोत्सवासाठी शाळेच्या गायनवृंदाला पाच गाणी लागत. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. चार गाणी वरून, सोव्हिएत सरकारकडून, ठरून आली: ट्रॅक्टर, नेता, शांतता, पुन्हा नेता. पाचवं एस्टोनियन, शिक्षिकेनं निवडायचं. म्हणजे मी.

मी हरवलेल्या मेंढीचं गाणं निवडलं. पोरांच्या तोंडात एक तरी गाणं आपलं असावं, एवढाच हट्ट. ते रचणारा होडीतून स्वीडनला पळाला होता. त्याचं नाव घेणाऱ्याला सैबेरियाची गाडी ठरलेली. म्हणून नावाच्या जागी मी लिहिलं, ‘लोकगीत’.

गाण्यांच्या तपासणीला तेदर साहेब आले. गाणं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला. गाणं त्यांना आवडलं आणि तिथंच माझा घात झाला.

“सुंदर. कुठल्या परगण्याचं? गायलं कोणी?”

आमच्याकडे प्रत्येक लोकगीताखाली परगणा आणि गाणारीचं नाव असतं. पिढ्यान्‌पिढ्या गाणी तशीच गोळा झालीत. शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट मी, संगीत शिकवणारी, विसरले होते. समोर मीली कास्क शेगडीत लाकडं सारत होती. शाळेच्या शेगड्या पेटवणारी, ऐंशी वर्षांची.

“हिनं,” मी म्हणाले.

साहेबांनी तिला तिथंच गायला सांगितलं. मीलीनं लाकडं खाली ठेवली. माझ्याकडे एकदाच पाहिलं. हिवाळाभर आमची तालीम तिच्या कानावर पडत होती. फाटक्या आवाजात ती गायली. चाल दोन ठिकाणी बदलली, दोन ओळी मनाच्या घातल्या.

“आजी चुकली,” पहिल्या रांगेतली साल्मे म्हणाली.

साहेब खूश होते. लोकगीत असंच असतं, प्रत्येकीचं वेगळं, असं त्यांनी साल्मेला समजावलं. मीलीचं नाव लिहून घेतलं आणि गेले.

मी तिचा हात धरला.

“सोडा बाई, राख लागेल. नाव माझं लिहिलंय, तुमचं नाही. ऐंशीच्या म्हातारीला नेऊन ते करणार काय? शेगड्या पेटवून घेणार?”

महोत्सवात पोरं गायली. ती चाल कुणाची, हे तिथं कुणीतरी ओळखलं.

शरदात शाळेपुढे मोटार थांबली. दोघं आत आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मीलीला विचारलं.

“माझ्या आईनं शिकवलं,” ती म्हणाली आणि कमरेचं फडकं सोडून खुंटीला अडकवलं.

एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. मी पेटीवर पोरांना सूर दिला. ट्रॅक्टरचा. पोरं गात राहिली, मोटारीचा आवाज बुडेपर्यंत.

दुपारपर्यंत शेगडी विझली. फडकं खुंटीवरच होतं. साल्मेनं विचारलं, आता लाकडं कोण घालणार?

मी उठले आणि घातली.