सोड्याच्या फ्रिजचा गार्ड

ओलुओच मास्तरांचं दफन उद्या सकाळी दहाला होतं, आणि त्यांचं सगळं आयुष्य ओयुगिस गावच्या बाजारात, अवुओरच्या टायपिंगच्या दुकानातल्या बंद पडलेल्या कंप्युटरमध्ये अडकलं होतं. बारा पानी पुस्तिका: जन्म, शाळा, बदल्या, मधुमेह, आणि शेवटी मागे राहिलेल्यांची नावं. थोरला मुलगा ओचोला ती उद्या मांडवात मोठ्याने वाचणार होता.

त्या शेवटच्या पानासाठी रिस्पर सकाळपासून बाकावर ठाण मांडून होती. ती मास्तरांची दुसरी बायको. एकवीस वर्षं संसार केला, पण थोरल्या घराने, ओचोलाने आणि त्याच्या आईने, तिला कधी हिशेबात धरलं नाही. पुस्तिकेत नाव नसलं तर उद्या तिला मांडवात कोणी विचारणार नव्हतं, आणि नवऱ्यासाठी रडायची तरी कुठल्या तोंडाने?

काल ढग गडगडले तेव्हा अवुओरने नेहमीप्रमाणे कंप्युटरची वायर उपटली. कंप्युटर वाचला, पण भिंतीच्या सॉकेटमध्येच राहिलेला व्होल्टेजचा गार्ड, वीज कमीजास्त झाली तर यंत्र वाचवणारा ठोकळा, जळला. म्हणून आज तिने दुकानातल्या सोड्याच्या बाटल्यांच्या फ्रिजचा गार्ड काढून इथे लावला. तेव्हापासून कंप्युटर ढिम्म.

ओगुटू मेकॅनिक अकरा वाजता आला. त्याने गार्डसकट वायर भिंतीत लावली, बटण दाबलं, दहापर्यंत मोजलं, गार्डसकट वायर काढली. मग वायर बदलून तेच. मग कंप्युटरचा डबा उघडला, धूळ फुंकली, रॅम काढून खोडरबराने घासली आणि पुन्हा तेच.

"वीज तर येतेय. गार्डचा पिवळा दिवा बघ ना," तो म्हणाला. "पॉवर सप्लाय गेला."

"मघाशी मदरबोर्ड गेला म्हणालास," अवुओर म्हणाली.

"तोही गेला असेल."

मग ती रिस्परकडे वळली. "मावशी, तुम्ही घरी जा. झालं की कळवते."

"घरी कोण वाट बघतंय माझी? बसते इथेच."

तीन वाजता ओगुटू वायर लावलेली तशीच ठेवून जेवायला गेला आणि अवुओर दुसरा पॉवर सप्लाय मागायला शेजारी गेली. रिस्पर एकटी बसून राहिली. थोड्या वेळाने गार्ड टिक्‌ करून वाजला आणि दिवा हिरवा झाला. सकाळपासून ओगुटूला कंप्युटरचं बटण दाबताना तिने चाळीस वेळा पाहिलं होतं. तिने ते दाबलं. कंप्युटर सुरू झाला.

"काय केलंत?" परत आलेल्या ओगुटूने विचारलं.

"काही नाही. बसले होते."

ओगुटूने वाकून गार्डवरचं लेबल वाचलं. बराच वेळ वाचलं. "हा फ्रिजचा आहे. वीज आली की पिवळा दिवा लावून पाच मिनिटं थांबतो, मगच पुढे सोडतो. आपण दर वेळी त्याला पहिल्यापासून मोजायला लावत होतो." मग उभं राहून म्हणाला, "पण रॅम स्वच्छ झाली." आणि निघून गेला.

अवुओरने शेवटचं पान उघडलं आणि हळू आवाजात वाचलं, "मागे पत्नी पर्पेटुआ आणि सात मुलं."

रिस्परला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"ओचोलाने सांगितलंय, छापण्याआधी मला दाखव म्हणून," अवुओर म्हणाली.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "अजून छापलं नाहीस? आता दाखवत काय बसतेस! पाचला मोटरसायकलवाला पाठवतोय, तीनशे प्रती तयार ठेव!"

अवुओरने फोन खाली ठेवला. "उद्या हा माझी सालटी काढणार."

"काढेल," रिस्पर म्हणाली.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

दुसऱ्या दिवशी ओचोलाने अकरा पानं खणखणीत आवाजात वाचली. बाराव्यावर तो अडखळला. त्याने मान वर केली. समोर तीनशे माणसं तेच पान उघडून बसली होती, आणि काहींचं बोट त्या ओळीच्या पुढे गेलं होतं. त्याने घसा खाकरला.

"मागे पत्नी पर्पेटुआ, पत्नी रिस्पर अकोथ, आणि सात मुलं."

मांडवाबाहेर आंब्याखाली उभ्या असलेल्या रिस्परकडे माना वळल्या. कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. ती आत आली, बसली, आणि सगळ्यांदेखत मोठ्याने रडली.