मागच्या रांगेतला मी आणि तो रशियन कॉन्चेर्तो

मी एक जुना ट्रॉम्बोन आहे, मित्रांनो. अंग पितळेचं; फुंकायचं आणि लांब नळी पुढेमागे सरकवून सूर बदलायचे. मालाडच्या गावठाणात रेमंडच्या घरी मी तीस वर्षं आहे. लग्न असो की मयत, रेमंड मला वाजवतो त्या बँडमध्ये माझी जागा कायम मागे. क्लॅरिनेटने मिरवायचं आणि मी आपलं पों-पों!

एक दिवस रेमंडच्या मुलीने, किम्बर्लीने, मोबाइलवर काहीतरी लावलं आणि मी हादरलोच. पुढे एकटा ट्रॉम्बोन, आणि अख्खा लष्करी बँड त्याच्या साथीला! जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी रशियात, नौदलाच्या बँडांवर देखरेख करणाऱ्या एका संगीतकाराने हा कॉन्चेर्तो लिहिला म्हणे. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!

"पपा, चर्चच्या हॉलमध्ये मी हाच वाजवणार."

"वेडी का काय? ट्रॉम्बोन कधी पुढे उभा राहतो? लोक हसतील गो!" रेमंड म्हणाला.

पोरीने ऐकलं नाही. चार महिने ओठ सुजेपर्यंत सराव केला.

कार्यक्रमाच्या सकाळी तिची आई ज्युलिया मला मोरीत घेऊन गेली. सणाला पितळेची भांडी घासते तसं चिंच-राख लावून तिने मला घासलं. सरकती नळी काढून आतूनसुद्धा! "लेक पुढे उभी राहणार, चकचकीत नको?" अरे देवा, मला ओरडायचं होतं. पण कुणी फुंकल्याशिवाय मला आवाज कुठला?

दुपारी किम्बर्लीने नळी ओढली. कर्रर्र! अर्ध्यावर अडकली.

"मम्मी, काय केलंस तू हे!"

ज्युलियाचा चेहरा पांढराफटक पडला. "अगो बाय, मी चांगल्यासाठीच केलं ना..." ती रडायलाच लागली.

वाट लागली, मला वाटलं. तेवढ्यात रेमंड उठला. त्याने कोमट साबणपाणी घेतलं, काठीला मलमल गुंडाळली आणि दोन तास बसून राखेचा कण न कण काढला. नळी सरकू लागली; एक ओरखडा मात्र राहिला.

संध्याकाळी किम्बर्ली सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. बँडच्या मागच्या रांगेत, माझ्या नेहमीच्या जागी, गळ्यात ढोल अडकवून रेमंड साथीला होता. ओरखड्यापाशी सूर जरा खरखरला. कुणीच हसलं नाही. रेमंडचा ढोल मात्र एक ठेका चुकला, कारण तो डोळे पुसत होता.

मित्रांनो, वस्तूवर माया करा, पण हात लावण्याआधी तिला काय चालतं ते जाणून घ्या. ज्युलिया आता मला रोज मऊ फडक्याने पुसते. ओरखड्याशी आली की तिचा हात थांबतो.