जेव, न्हाईतर बिबट्या यील

शके एकोणीसशे सेहेचाळीस, पौष महिन्याचा वद्य पक्ष. स्थळ, वेल्हे तालुक्यात विंझरच्या वरच्या अंगाची वस्ती.

या वस्तीवरील संपत हा शेळ्या राखणारा गृहस्थ स्वतःस बालसंगोपनातला अधिकारी पुरुष समजत असे. त्याचे सारे शास्त्र एका वाक्यात मावे: "जेव, न्हाईतर बिबट्या यील." एके संध्याकाळी त्याच्या चार वर्षांच्या लेकीने, दिपालीने, अर्धी भाकरी टाकली, आणि दुर्दैव असे की बिबट्या खरोखरच आला. तिच्या देखत त्याने अंगणातली शेळी उचलली.

त्या दिवसापासून दिपाली ताट चाटूनपुसून खाऊ लागली. पुढे वाढाल तितके खाऊ लागली, आणि परसात जाऊन ओकू लागली. संपतला यातला पूर्वार्ध तेवढा दिसला. शेजारचा कोंडिबा तर म्हणाला, "संपतराव, तुमाला बिबट्या लाभला!" आणि या मूर्खपणावर दोघे बाप्ये मनसोक्त हसले. पोर वाळत चालली, तेव्हा तिच्या आईने, सुलक्षणाने, नवऱ्याला न जुमानता तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. मागोमाग संपतही आला. अज्ञानास देखरेखीची हौस फार.

समुपदेशक मोहिनीताईंनी जमिनीवर खेळणी मांडली.

"खेळून दुखणं जातं व्हय?" संपतने कुचेष्टेने विचारले.

दिपालीने प्लास्टिकचा वाघ उचलून खेळण्यातल्या ताटलीजवळ ठेवला आणि बाहुलीला दरडावले, "टाकलीस ना भाकर? आता शेळी मेली!"

मोहिनीताई म्हणाल्या, "दादा, शेळी आपल्यामुळे मेली असं ती धरून बसली आहे. भीती तुम्ही घातलीत, तुम्हीच काढा. खरं सांगा तिला."

"बापानं पोरीम्होरं खोटं ठरायचं?"

"हो. आणि खाली बसून."

रानात एकटा हिंडणारा हा वीर चार वर्षांच्या पोरीपुढे बसताना घामाघूम झाला. "सरकारनं पिंजरा लावलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यो बिबट्या निराळाच व्हता." मोहिनीताईंनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. अखेर तो पुटपुटला, "दिपे, त्याला भूक लागली म्हणून त्यो आला. तुज्या भाकरीचा काय संबंध न्हाई. म्या खोटं बोललो व्हतो."

"मग म्या न्हाई जेवले तर?"

"तर तुला भूक लागंल."

"येवढंच?"

"येवढंच."

दिपालीने बराच वेळ बापाचे तोंड निरखले आणि मग ती आईच्या मांडीवर आडवी झाली.

आपण सुटलो, असे समजून संपतने उठता उठता विचारले, "पण ताई, पोरीचं नेमकं चुकलं कुठं?"

मोहिनीताईंना सुलक्षणाने बोलूच दिले नाही.

"पोरीचं काय बी चुकलं न्हाई," ती म्हणाली. "तुमचं चुकलं."