बटणावरची रेघ

रेघ नव्हती. डावी तर्जनी पुन्हा एकदा फिरली — एफच्या बटणावर, खालच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढी जी उभारलेली रेघ असते ती जागेवर नव्हती. तिथं काहीतरी गुळगुळीत, गार, कडेला किंचित चिकट लागत होतं... आणि उजवीकडे जेच्या बटणावरही तेच, त्याच्या शेजारीही तेच. तिनं नख घातलं. एक कोपरा सुटला. स्टिकर! सगळ्या कीबोर्डला, एकूण एक बटणाला, कोणीतरी स्टिकर लावून ठेवले होते.

कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायलाच नको. काल दुपारी ती आडवी झाली होती तेव्हा धाकटा भाऊ तिच्या खोलीत खुडबुडत होता, आणि संध्याकाळी फोनवर कुणाला तरी मोठ्या फुशारकीनं सांगत होता, "ताईचा कम्प्युटर एकदम तयार करून टाकला. पिवळी मोठी अक्षरं, काळ्यावर. लांबूनसुद्धा दिसतात." दिसतात! खिडकी उघडी आहे की बंद हे तिला गेली नऊ वर्षं नुसत्या वाऱ्यावरून कळतं, आणि हा शहाणा तिच्यासाठी पिवळी अक्षरं घेऊन आला. एरवी ती पोट धरून हसली असती. आज हसू आलं नाही, कारण तीनपैकी दोन प्रयत्न वाया गेले होते.

कायद्याच्या कॉलेजनं तिला घरी बसून शिकण्यासाठी जागा दिली होती. पण वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपला संगणक तयार असल्याची चाचणी द्यायची — आवाज येतो का, माइक चालतो का, फाइल उघडते का, चार ओळींचं उत्तर लिहून पाठवता येतं का. मुदत आज पाच वाजेपर्यंत. नाही जमलं तर जागा यादीतल्या पुढच्याला. आणि ती दोनदा अडली होती ती नेमकी लिहिण्यावर. एकोणीस वर्षं कोर्टात टंकलेखक म्हणून काढलेली बाई लिहिण्यावर अडली! चार नेटक्या ओळी तिनं लिहिल्या, आणि कॉलेज म्हणालं, "उत्तर अमान्य." का, ते आत्ता कळत होतं. रेघ सापडली नाही म्हणून डावा हात एक घर सरकून बसला होता, आणि सगळ्या ओळी म्हणजे नुसता अक्षरांचा गाळ झाला होता. हे तिला ऐकू यायला हवं होतं. पण पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचं अक्षर-अक्षर बोलणंही धाकट्यानं बंद करून ठेवलं होतं, सारखी काय ती कटकट म्हणून... आणि जुना आवाजही बदलला होता. तो जुना, खरखरीत, भरधाव पळणारा आवाज तिचा लाडका होता. तिनं त्याचं नाव 'कारकून' ठेवलं होतं, कारण तो न्यायाधीशांपुढे पुकारा करणाऱ्या कारकुनासारखा निर्विकार वाचायचा. त्याच्या जागी आता एक गोड बाई आली होती. गोड बाई सावकाश, लाडानं बोलायची, दवाखान्यात लहान मुलांशी बोलतात तशी.

मनगटावरच्या घड्याळानं सांगितलं, तीन वाजून दहा मिनिटं.

ती स्टिकर सोलू लागली. एकेक. नख, कोपरा, ओढ, टेबलावर. डिंक बटणावर राहत होता आणि बोटाला ओशट चिकटत होता, आणि प्रत्येक स्टिकरबरोबर तिचा राग थोडा वर चढत होता... सतराव्या वर्षी टायपिंगच्या क्लासात मास्तर हातांवर लाकडी खोकं उपडं घालायचे. आत हात, वर खोकं. डोकावून बघणाऱ्याच्या मनगटावर पट्टी बसायची. "बघणारा कधी टंकलेखक होत नाही," मास्तर म्हणायचे, आणि तीस जणांच्या वर्गात न बघता सगळ्यात भराभर चालणारे हात तिचे होते. तेव्हा न बघणं ही हुशारी होती. बक्षीस मिळालं होतं तिला, कापडी बांधणीचा शब्दकोश. मग हेच न बघणं एकदम केविलवाणं कधी झालं? कोणी ठरवलं?

कोर्टात ठरलं. आधी शाई पुसट वाटायला लागली, मग ओळींच्या मधोमध एक धुरकट गोळा आला, मग तो गोळा वाढत गेला. अधीक्षक मोठ्या मनाचे. त्यांनी टेबल खिडकीजवळ हलवलं, मग टेबलावरचं मशीन हलवलं, मग फोन दिला, मग फोनही दुसरीला दिला. "तुम्ही बसा हो नुसत्या. पगार कुठं जातोय?" बसा नुसत्या! हेडफोन लावून ती पूर्वीच्याच वेगानं टाइप करू शकत होती, तिनं करून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवून आपापल्या टेबलाकडे गेले. नोकरी सोडली त्या दिवशी तिनं ठरवलं होतं, दुसऱ्यांचे निकाल पुष्कळ टाइप केले, आता कायदा स्वतः शिकायचा.

शेवटचा स्टिकर निघाला. डाव्या तर्जनीखाली रेघ, उजव्या तर्जनीखाली रेघ. बाकीची आठ बोटं आपोआप जागेवर बसली. मग तिनं कळा दाबून गोड बाईला निरोप दिला, कारकुनाला परत आणलं, अक्षरं बोलती केली, वेग पूर्वीएवढा चढवला, आणि तिसरा प्रयत्न उघडला. आवाज झाला. माइक झाला. फाइल झाली. चार ओळी लिहिताना कारकून प्रत्येक अक्षराला टकटक हजेरी लावत होता. उत्तर स्वीकारलं गेलं.

"शेवटचा टप्पा," कारकून म्हणाला. "आपण माणूस आहात याची खात्री करा. जिना असलेली चित्रं निवडा. चित्र. चित्र. चित्र. चित्र..." नऊ वेळा. आणि मग, त्याच निर्विकारपणे, "ध्वनी पर्याय उपलब्ध नाही."

तिनं पुन्हा ऐकलं. पुन्हा नऊ वेळा चित्र. मग फोन लावला. बऱ्याच वाजंत्रीनंतर कॉलेजच्या मदत केंद्रातली एक तरुण मुलगी बोलली, आणि सगळं ऐकून घेऊन सहज म्हणाली, "मॅडम, घरात कोणी बघणारं आहे ना? त्यांना क्लिक करायला सांगा. सगळे तसंच करतात."

"आणि खालचं प्रतिज्ञापत्र?"

"त्यावर नुसती टिक करायची."

"त्यात काय लिहिलंय, वाचलंयत कधी?" मग तिनंच सांगितलं, "वरील सर्व टप्पे मी स्वतः, इतर कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले आहेत."

"मॅडम, ते कोणी वाचत नाही हो."

मी वाचते, तिच्या मनात आलं. मी असली हजारो प्रतिज्ञापत्रं टाइप केली आहेत, बाई. खोटी कुठली ते पहिल्या ओळीत कळायचं, आणि तरी हात चालवावा लागायचा, कारण सही दुसऱ्याची असायची. ही सही माझी आहे. कायदा शिकायला जायचं आणि उंबऱ्यावरच खोटी शपथ घ्यायची? आणि ती कशासाठी, तर मी माणूस आहे हे पटवण्यासाठी! रागानं तिचे कान तापले. तिनं फोन ठेवला.

साडेचारला धाकटा आला. दारातच थबकला.

"ताई... स्टिकर काढलेस?"

"काढले."

"अगं, तीन दुकानं पालथी घातली त्यासाठी." त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला, आणि तिला त्याची इतकी माया आली, आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही खरं होतं.

"मला अक्षरं दिसत नाहीत रे. मला ती रेघ लागते. विचारायचं होतंस."

तो टेबलावरचे स्टिकर गोळा करू लागला. मग पडद्याकडे बघून, हायसं वाटल्यासारखा म्हणाला, "हे होय? उठ, मी करतो. दोन सेकंदांचं काम आहे."

उठ, मी करतो. बँकेचा फॉर्म — उठ, मी करतो. सुईत दोरा, गॅसची शेगडी, रस्त्याचं वळण... नऊ वर्षं हे वाक्य तिनं ऐकलं होतं, आणि आज पहिल्यांदाच तिला त्यातलं दुसऱ्या बाजूचं ऐकू आलं: खुर्ची सरकल्याचा आवाज. तिच्याच खुर्चीचा. दर वेळी ती उठली होती. कोर्टातही उठली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा ती, मूर्खासारखी, लाजून हसली होती. दिवसभराचा राग जो स्टिकरांवर, गोड बाईवर, त्या मुलीवर सांडत होता, तो एकदम घरी, तिच्यापाशीच, परतला.

धाकट्याचा हात माऊसकडे गेला. तिनं त्यावर आपला हात ठेवला.

"हात काढ. बस इथं."

"अगं पण जागा जाईल ना! एवढ्याशा क्लिकसाठी?"

"जाऊ शकते," ती म्हणाली. जागा तिला हवी होती. फार हवी होती.

पान तिनं खालपर्यंत चाळलं. अगदी तळाशी कारकुनानं एक ओळ वाचली, "काही अडचण असल्यास येथे लिहा. कमाल दोन हजार अक्षरे." तर्जन्या रेघांवर टेकल्या. प्रति, प्राचार्य. विषय. मग परिच्छेद एक: अर्जदार ही दृष्टिहीन असून, आपल्या चाचणीचे सर्व टप्पे तिने स्वतः पूर्ण केले आहेत, फक्त शेवटचा टप्पा आपण तिच्यासाठी बंद ठेवला आहे... कारकून मागोमाग वाचत होता. कित्येक वर्षांनी वाक्यं तिच्या हातातून सरळ, न अडखळता येत होती, आणि या वेळी ती दुसरं कोणी सांगत नव्हतं.

शेजारी बारीक खरखर सुरू झाली. धाकटा रुमाल ओला करून, तिची बोटं नसतील त्या बटणांवरचा डिंक पुसत होता.

घड्याळ बोललं. पाच.

"ताई," तो हलकेच म्हणाला, "पाच वाजले गं. आता?"

"आता परिच्छेद दोन," ती म्हणाली.