सीएसमोरची सही

माझं तोंड फार चालतं, वालीवच्या आमच्या गाळ्यात कोणालाही विचारा. बिजागऱ्या बनवायचो आम्ही, कपाटाच्या, खिडकीच्या. आमचे हे आणि धाकटे दीर श्रीरंगभावोजी यांनी भागीदारीत सुरू केलेला धंदा. हे गेले आणि यांच्या जागी मी भागीदार झाले. दिवसभर पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या वर आवाज चढवून बोलायचं, गंजका पत्रा आणणाऱ्याला झापायचं, संध्याकाळी तुळिंजला घरी यायचं. मूलबाळ नाही. तो गाळा नसता तर मी केव्हाच वेडी झाले असते, खोटं कशाला बोलू?

दोन हजार एक साली माझ्या जावेने, सुरुचीने, टुमणं लावलं. नवरा राबतो तर धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर हवा. मला कुणकुण लागली होती. म्हटलं, भावोजींना विषय तर काढू दे, अशी बोलेन की पुन्हा नाव घेणार नाहीत.

विषय निघाला तो थेट सीएच्या ऑफिसात. कागद तयार होते. सीए म्हणाला, "मॅडम, तुम्ही भागीदारीतून बाहेर पडायचं. हिस्सा चेकने मिळेल. श्रीरंगराव एकटे मालक."

भावोजी मान खाली घालून बसले होते. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

सासूबाईंची शिस्त होती, घरातलं माणूस कितीही चुकू दे, परक्यासमोर त्याला खोडायचं नाही. भांडायचं ते घरी येऊन. यांच्याशीही मी तशीच वागले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, तरी म्हणाले, "भावोजी म्हणतील तसं." आणि सही केली. परतताना मी तोंड उघडायच्या आत ते दुसऱ्या रिक्षात बसून निघूनही गेले.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनेच गाळ्यावर गेले. माझ्या खुर्चीत सुरुची. लगबगीने उठून तिने समोरचं स्टूल पुसलं. "या ना ताई, बसा. चहा सांगू?" माझ्याच गाळ्यात मला चहा विचारत होती! पण दारात टेम्पोवाला माल उतरवत होता. मी मुकाट्याने चहा प्यायले.

भावोजी गेटपर्यंत सोडायला आले. तिथे कोणी नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते.

"वहिनी, वाटलं होतं, तुम्ही ताडकन नाही म्हणाल. मग मी हिला सांगितलं असतं, वहिनी ऐकत नाहीत, आणि विषय मिटला असता. मला कुठे एकट्याने धंदा करायचा होता?"

"मग आता फाडा तो कागद."

आतून सुरुचीने "अहो" अशी हाक मारली आणि ते गेले. आत प्रेस सुरू झाला. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, ते मला समजेना.